वळसा

मुलं कोणत्या वाटेनं शाळेत जातात, हे नकाशावर मांडायचं तिचं काम. दप्तरांत ठेवलेल्या छोट्या यंत्रांनी वाटा टिपायच्या आणि तिच्या पडद्यावर त्यांच्या रेघा उमटायच्या. शाळेमागच्या मोकळ्या मैदानात मात्र प्रत्येक रेघ एकाच जागेला वळसा घालून पुढे जात होती.

"यंत्राचा घोळ, दुसरं काय!" शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "दे रेघा सरळ करून."

पण तिची लेकही त्याच शाळेत होती. जेवताना तिनं विचारलं, "मैदानातून सरळ का नाही गं जात तुम्ही?"

"असंच," म्हणून लेक ताटातलं अन्न चिवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती स्वतःच मैदानात गेली. ना खड्डा, ना दगड, साधं झुडूपसुद्धा नाही. स्वतःच्याच खुळेपणाला हसत ती नाकासमोर चालत त्या जागेतून आरपार गेली. काहीच झालं नाही.

त्यानंतरच्या सकाळी पडद्यावरच्या सगळ्या रेघा मैदानातून सरळ गेलेल्या होत्या.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" सहकारी म्हणाला. तिचाही जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी लेक शाळेतून आली. आईनं दारातच हात पसरले. लेक थबकली. मग भिंतीला खेटून, आईभोवती लांब वळसा घालून, ती आपल्या खोलीकडे निघाली.

"अगं, अशी का जातेस?"

"असंच," लेक म्हणाली, आणि तिनं आतून कडी लावून घेतली.