पाटीवरचा शिपाई

नानासोनं पाटीवर गुळाची छोटी ढेप लिहिली, तसा हरिबा तडकला.

"पुन्हा वाढीवलंस? चोवीस किलो झालं की रं."

हरिबानं सतरा वर्षं पलटणीचं कोठार सांभाळलं होतं. पेन्शनीत आला, पण सामान मोजायची खोड काही सुटेना. मग त्यानं हा खेळ काढला. ओसरीवर खडूनं घरं आखायची, कवड्या टाकायच्या आणि ज्यानं त्यानं आपापला शिपाई चालवायचा. शिपायाजवळ काय काय आहे, ते वजनासकट त्याच्या पाटीवर. पाटीवर नाही ती वस्तू जवळ नाही, मग तहानेनं घसा सुकला तरी बोंबलायचं नाही. आणि ओझं वीस किलोच्या वर गेलं, की कवड्या कितीही पडोत, शिपाई एकच घर सरकणार.

कृष्णातचा शिपाई केव्हाच पुलाच्या पल्याड पोचला होता. रायफल, गोळ्या, पाणी, भाकरी, संपलं. नानासोच्या पाटीवर हे सगळं होतंच, वर घोंगडं, दोन स्वेटर, शेंगदाण्याची चटणी, पायाला चोळायला तेलाची बाटली.

"लढाईला धाडलायस का वऱ्हाडाला?" कृष्णात म्हणाला.

नानासो हसला नाही. त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. लढाई जुंपून आठवडा झाला होता. त्याचा सयाजी तिकडं बंगालच्या बाजूला होता आणि तीन आठवडे पोराचं कार्ड नव्हतं. नानासो घडीघडी उठायचा, उसाच्या गाड्यांआडून टपालवाल्याची सायकल दिसते का बघायचा, परत येऊन टेकायचा. पोराला भरतीला त्यानंच नेलं होतं, आणि वर गावभर पेढे वाटले होते.

"बस की गड्या खाली," हरिबा म्हणाला. "तुझा शिपाई पुलावर हाय. ह्या डावात पूल उडणार. टाक कवड्या."

नानासोनं कवड्या टाकल्या. पाच पडल्या. पल्याडचा काठ पाचच घरं लांब होता.

"पर ओझं चोवीस," हरिबा म्हणाला. "एकच घर मिळंल. म्हंजे पुलावरच ऱ्हातोय त्यो. न्हाईतर चार किलो उतरव, आत्ताच्या आत्ता."

नानासोनं पाटी मांडीवर घेतली. घोंगड्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. असल्या थंडीत घोंगडं कसं पुसायचं? भाकरी पुसावी तर पोटाला काय? चटणी तर बायकोनं, शालूबाईनं, हट्टानं लिहायला लावलेली. आपण येड्यासारखं करतोय, ही नुसती पेन्सिलीची अक्षरं आहेत, हे त्याला कळत होतं. तरी बोट हलत नव्हतं.

"गूळ टाक, त्याल टाक," कृष्णात म्हणाला. "खेळ हाय रं ह्यो. किती जीवाला लावून घेतोस?"

नानासोनं बोट थुंकीनं ओलं केलं आणि पाटीवरची सगळ्यात वरची ओळ पुसून टाकली.

हरिबानं पाटी ओढून घेतली. सवयीनं आधी बेरीज केली. बरोबर वीस भरली. मग काय पुसलंय ते त्याच्या ध्यानात आलं. ह्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. असलं कुणी थट्टेतसुद्धा केलं नव्हतं.

"नानासो, रायफल पुसलीस तू," तो हळू आवाजात म्हणाला. "रायफल टाकणारा शिपाई लढाईतनं बाद हुतो."

नानासो पुन्हा उठला होता. ओसरीच्या कडेला, रस्त्याकडं तोंड करून उभा होता.

"बाद झाल्याला घरीच धाडत्यात न्हवं?" त्यानं विचारलं.