पिशोरला जायची गाडी

“स्पोर्ट सस्पेन्शन शक्यतो तरुण मुलं घेतात,” मंजुषा म्हणाली. शोरूममधली ही मुलगी सकाळपासून या बापलेकांसोबत होती, पण तिचा आवाज सारखा सत्यमकडेच वळत होता. “काकांना नाही झेपणार. स्प्रिंगा कडक असतात. वळणावर गाडी रस्ता धरून चालते, पण खड्डा न् खड्डा अंगाला लागतो.”

“खड्डा न् खड्डा?” रामहरीनं विचारलं.

“हो काका.”

“मग तीच दाव.”

सत्यमनं मोठा श्वास सोडला. बापलेकाचा हा वाद गारखेड्यातल्या घरापासून चालू होता. गाडी रामहरीच्या नावावर होणार होती आणि चालवणार सत्यम होता.

“घरात तरणं पोरगं मी,” सत्यम मंजुषाला म्हणाला, “अन् स्पोर्ट गाडी ह्यांना पाहिजे.”

मंजुषा हसली. “काका चहा घेतील का?”

“काकालाच इचार की बाई,” रामहरी म्हणाला. “घेतील. बिनसाखरेचा.”

रामहरीनं अर्धं आयुष्य हर्सूल ते पिशोर काळी-पिवळी जीप चालवली होती. शुगर वाढली तसं स्टेअरिंग सुटलं. जीप मात्र घरी ठेवली. मग सत्यम चालवायचा आणि मागं रामहरी आणि त्याची बायको शीला बसायचे. आषाढात शीला गेली. पाठोपाठ जीपही भंगारात गेली.

शीलाची समाधी पिशोरला शेतात होती. दर अमावास्येला रामहरीनं तिथं स्वतःच्या हातानं दिवा लावायचा, असं त्यानं ठरवलं होतं. पहिल्या खेपेला सत्यमनं मित्राची मोठी गाडी आणली. पाण्यावरून होडी जावी तशी ती गाडी गेली. वाटेत रामहरीनं “कुठं आलो?” असं इतक्या वेळा विचारलं, की शेवटी सत्यम खेकसला. पिशोरला उतरल्यावर रामहरी बांधावर मटकन बसला. “मी नाय येणार आता पुन्हा,” एवढंच म्हणाला.

तेव्हापासून दिवा शेजारचा कचरू लावत होता. रामहरीला ते आतून खात होतं. नवी गाडी घ्यायची ती त्याचसाठी. बापाला मऊ गाडी पाहिजे, हे सत्यमनं मनाशी पक्कं केलं होतं. बाप उलटंच बोलत होता.

“दोन्ही चालवून बघा ना,” मंजुषा म्हणाली. “हर्सूलपर्यंत जाऊन येऊ.”

आधी साधी गाडी काढली. मंजुषा पुढं सत्यमशेजारी बसली, रामहरी मागं. गाडी जालना रोडला लागली, तरी ती निघाली की नाही हेच त्याला कळेना.

“किती आरामशीर आहे बघा,” मंजुषा म्हणाली.

“कुठं आलो?” रामहरीनं विचारलं.

“आत्ता तर निघालो, आप्पा.”

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, “हर्सूल आलं का?”

“हर्सूलची जेल मागं गेली.”

रामहरीनं दारावरचा दांडा घट्ट धरला.

परत येऊन दुसरी गाडी घेतली. शोरूमच्या उतारावरच रामहरीचं बूड आपटलं. पुलावरचे सांधे पाठीत टकटक लागले. मग जेलजवळचे स्पीड ब्रेकर आले, बारके, एकाला एक चिकटून. मग तळ्याकडचं ते वळण, जिथं गाडी एका अंगाला कलते. त्याच्या काळात जीपही तिथं अशीच कलायची.

“काका, त्रास होतोय का?”

“नाय. चालू दे.”

दांडा कधी सुटला ते त्याला कळलं नाही. जीप चालवताना वाजवायचा तशी शिट्टी त्याच्या तोंडून निघाली. सत्यमनं आरशात बघितलं असावं, कारण गाडी एकदम हळू झाली.

ते शोरूममध्ये येऊन बसले. मग सत्यम आवाज दाबून बोलला.

“आप्पा, मम्मीला जाऊन वरीस नाय झालं. पिशोरात लोक काय म्हणतील? बायको गेली अन् म्हातारा हौस करायला लागला.”

“म्हणू दे.”

“कंबर मोडंल तुमची. जीपची गोष्ट येगळी होती. मम्मीची वाटभर कॉमेंट्री चालायची, तिच्या नादात तुम्हाला धक्के कळायचे नाहीत.”

“व्हय,” रामहरी म्हणाला. “लई बोलायची.”

“मग? साधी घेऊ ना?”

“नाय.”

“एक कारण सांगा, आप्पा. फकस्त एक.”

मंजुषा कागद घेऊन आली होती. तीही थांबली.

“पहिल्या गाडीत मी किती बारी इचारलं, कुठं आलो म्हणून?” रामहरी म्हणाला. “अन् दुसऱ्या गाडीत?”

सत्यमनं खुर्ची जवळ ओढली.

“तुझी माय होती तवर ती सांगायची. हे आलं, ते गेलं. आता तू काय सांगत नाय, मग रस्त्यानं तरी सांगावं.”

मग मंजुषानं हळूच कागद पुढं सरकवला आणि या वेळी थेट रामहरीला म्हणाली, “काका, स्पोर्ट सस्पेन्शन टाकते. इथं सही करा.”

सत्यमनं बापाच्या हातात पेन दिला, त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट धरलं आणि कागदावर सहीच्या जागी नेऊन टेकवलं. रामहरीनं सही केली.

“गाडी निळी हाय, आप्पा,” सत्यम म्हणाला. “गडद. रात्री काळीच वाटंल अशी.”