निंबाच्या नावाची चिठ्ठी

सुकलालने इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही पॅनलवरच्या नावांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करून टाकली. बाकीचे टेम्पोपाशी डबे उघडून बसले होते. कामरेजजवळच्या त्या खडीच्या खाणीत भर दुपारी त्याच्याकडे बघायला कुत्रंही नव्हतं.

इच्छापोरच्या त्यांच्या कारखान्याला स्फोटाला तोंड देणाऱ्या भिंती बनवायच्या होत्या. दोन्ही अंगांना फायबर, मध्ये फोम. सुकलाल आणि निंबाने नमुन्याचं एकेक पॅनल करायचं; फोम कोणता, ते ज्याने त्याने आपल्या अकलेने ठरवायचं. ज्याचं काम सरस तो कायम, दुसरा घरी, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

सुकलालने लाकडासारखा टणक फोम उचलला. निंबाने घेतला बोट रुतेल असा मऊ. असा का घेतलास म्हणून विचारलं, तर निंबा नुसता हसला. त्याला ऐकू आलं नसावं. तेरा वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात त्याचा एक कान पार गेला होता. पुन्हा लूमवर उभा राहिलास तर दुसराही विसर, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं.

सुकलालचे कान शाबूत होते. त्याला कुठल्याही शेठने उद्या लूमवर घेतलं असतं. डिंडोलीत एका खोलीत दिवस काढलेल्या मित्रासाठी एवढं करताना त्याचं मन जराही कचरलं नाही. वरून दोन्ही पॅनल सारखीच दिसत होती, हे बरंच झालं.

जेवणं उरकल्यावर साहेबांनी प्रत्येक पॅनलच्या पाठीला टेकवून पाण्याने भरलेलं एकेक मडकं ठेवलं. सगळे लांब जाऊन बसले. निंबाने दोन्ही कान गच्च दाबून घेतले. खाणवाल्याने सुरुंग उडवला.

धूळ खाली बसली. निंबाच्या नावाचं पॅनल ताठ उभं होतं, साधा तडाही नाही. सुकलालच्या नावाचं चेपून पार पापड झालं होतं. निंबाचे डोळे भरून आले. नोकरी गेली तरी सुकलालला फार बरं वाटलं.

साहेब मात्र पॅनलकडे न बघता सरळ मागे गेले. ताठ पॅनलमागे नुसत्या खापऱ्या आणि ओली माती होती. चेपलेल्या पॅनलमागचं मडकं तसंच भरलेलं होतं.

"दीवार टूटे तो टूटे, आदमी तो उसके पीछे बैठेगा," साहेब म्हणाले. "इसने सारी मार अंदर ही खा ली. सुकलाल, तुम पक्के."

निंबाने हसत हसत आपला धड कान सुकलालकडे केला.

"काय बोलना साहेब? मनं पॅनल टिकनं ना?"