बिनचूक तास

"मुलांची नावं घेऊ नका, बाई. नुसतं 'बाळांनो' म्हणा," साडीच्या खांद्याला माइक अडकवून देत कार्यालयातले साहेब म्हणाले. "आणि प्रश्नोत्तरं नकोत. त्यात वेळ जातो."

बाईंनी मान हलवली. मागच्या भिंतीपाशी तिपायीवर कॅमेरा उभा होता.

पाचवीच्या दोन तुकड्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या एकीवरच शिक्षक राहणार, दुसरीत पडदा शिकवणार, असं मोठ्या बाईंनी परवाच सांगून टाकलं होतं. कोण राहणार ते आजच्या तासांवर ठरणार होतं. घरी नवरा कंबर धरून बसलेला, त्याचं काम कधीच सुटलेलं. ही नोकरी गेली तर खायचं काय?

एरवी बाईंची एक खोड होती. दर तासाला त्या फळ्यावर मुद्दाम एक चूक करायच्या. ती सापडली की मुलांनी बाकावर टकटक करायची. चूक हुडकायच्या नादात मागच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा डोळे ताणून बसायचा.

आज ते खूळ नको, बाईंनी मनाशी ठरवलं. पडदा कधी चुकतो का?

त्यांनी अपूर्णांक घेतले. अर्धा, पाव, पाऊण. अक्षर रेखीव, बोलणं सरळ, कुठे म्हणून अडखळल्या नाहीत.

भिंतीपलीकडे मात्र नुसता कल्ला. "थांबा, मीच चुकलो बहुतेक. कोण सांगतं?" दुसऱ्या तुकडीचे मास्तर विचारत होते, आणि तीस पोरं एकदम सांगत होती. आजच्या दिवशी तरी जरा आवरायचं, बाईंना वाटलं. त्या साध्या माणसाचं काही खरं नव्हतं.

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी बोटं मुडपून तयारीतच बसली होती. ती फळा वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत होती. शेवटी तिने हात खाली घेतला आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. झोपाळूने तर केव्हाच मान टाकली होती. बाईंना कसंतरीच झालं, पण त्या पुढे शिकवत राहिल्या.

घंटा झाली. साहेब खुशीत पुढे आले.

"कमाल केलीत, बाई. एकही जागा कापावी लागणार नाही. बाकीचे धडेही असेच महिन्याभरात उरकून घेऊ."

बाईंचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्यांना शेजारच्यांची कीव आली. "आणि मास्तरांचं काय हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय सांगू. सकाळीच टिपला त्यांचा तास. पोरं मध्येच बोलतात, हे चुकतात, परत पोरांनाच विचारतात." साहेबांनी कॅमेऱ्याची तिपायी मिटली. "पडद्यावर दाखवण्यासारखं मिनिटभरही हाती लागलं नाही. त्यांना वर्गावर ठेवण्यावाचून इलाज नाही."