वाय, ई, एक्स

नवरा सौरव वारल्यापासून सोनिका धड जेवत नव्हती. म्हणून जिजाबाई दुपारी सुनेसमोर ताट ठेवत आणि शेजारी सौरवचा तो इंग्रजी अक्षरांचा खेळ मांडत. जिजाबाईंना एबीसीडीही येत नव्हती. हाताला येईल ती सोंगटी त्या पटावर ठेवत, आणि तेवढ्यात सोनिका चार घास गिळून घेई. नंदनवन वस्तीतल्या त्या घरात आता दोघीच उरल्या होत्या.

त्या दुपारी पटावर क्यू आणि आय शेजारी शेजारी आले. अशा अडेल अक्षरांचे छोटे शब्द शोधायची सौरवला भारी हौस. सोनिकानं फोनमध्ये अर्थ पाहिला. प्राण. तिला काहीच वाटलं नाही. तिनं वरणभात कालवला.

मग जे आणि ओ आले. अर्थ होता, लाडकी.

"आई, हे शब्द तुम्हाले कोणी शिकवले?"

"मी आज कुठं लावून राहिली वं? मले वाटलं तूच लावून राहिली."

सोनिकाचा उजवा हात खरकटा होता आणि डाव्यात फोन होता. जिजाबाईंनी आपले हात पदराखाली घेतले.

पटावर आणखी तीन सोंगट्या लागलेल्या होत्या. वाय, ई, एक्स.

"याचा अर्थ काय होते?" जिजाबाईंनी हळूच विचारलं.

सोनिकानं अंगठ्यानं अक्षरं दाबली.

"उचकी," ती म्हणाली.

सौरवच्या खोलीत, बंद दाराआड, कोणाला तरी उचकी लागली.