आर्डिथबाईंचा काठ

जत्रेतल्या गोधड्यांच्या स्पर्धेत पहिल्या बक्षिसाची जांभळी फीत मिळाली, तर ट्वायला ब्रोडर्सनचं मशीन वाचणार होतं. नाही मिळाली, तर ते विकायचं आणि ऑक्टोबरपासून अंडी भरायच्या कारखान्यात जायचं, एवढं नवऱ्याशी बोलून झालं होतं.

ट्वायला दुसऱ्यांच्या गोधड्यांना टाके घालून द्यायची. गावातल्या बायका तुकडे जोडून वरचा पदर करत. ट्वायला तो पदर, मधला कापूस आणि खालचं अस्तर आपल्या बारा फुटी मशीनवर ताणून त्यावर टाक्यांची नक्षी भरी. पण वसंतात शेजारच्या गावात संगणकावर चालणारं मशीन आलं आणि गिऱ्हाईकं तिकडे वळली. ती परत आणायची तर जिल्ह्याच्या जत्रेत नाव व्हायला हवं होतं. म्हणून यंदा पहिल्यांदाच तिने स्वतःची गोधडी केली होती. ती मशीनवर चढलेली होती, निम्मी झाली होती. जत्रेला तीन आठवडे होते, आणि आर्डिथ क्लासेन पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

आर्डिथबाई एकाहत्तर वर्षांच्या. गेल्या आठ जत्रांच्या जांभळ्या फिती त्यांच्या जेवणघराच्या भिंतीवर होत्या. आठही गोधड्यांवरचे टाके ट्वायलाचे, पण ते भिंतीवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

ट्वायलाने पदर टेबलावर पसरला. मधल्या मोठ्या ताऱ्याची टोकं सुईसारखी होती. चारी बाजूंचा काठ मात्र झालरीसारखा लाटा मारत होता.

"मोजून नाही लावलात?"

"मोजमापं घ्यायला मी काय सुतार आहे? पट्टी ठेवायची, शिवत जायचं, उरेल ती कापायची. माझी आई असाच लावायची."

"उसवून आणा, आर्डिथबाई. पदर मधोमध मोजा आणि तेवढीच पट्टी लावा. दोन दिवसांचं काम आहे. मी थांबते."

"अगं, तुझ्या मशीनखाली गेला की बसतो तो. दरवर्षी बसतो."

"दरवर्षी एवढा नसतो."

"मग यंदा जरा जास्त मेहनत घे," म्हणत आर्डिथबाई गाडीत जाऊन बसल्या.

ट्वायलाची नणंद नेवा कोपऱ्यात कॉफी घेत होती. गाडी वळेपर्यंत तिने कशीबशी कळ काढली.

"वहिनी, सरळ मशीन चालव. पडू देत चुण्या. परीक्षकांना दिसल्या की म्हातारी आटोपली."

"माझ्या हातून चुण्या पडत नाहीत."

"मग घेऊ नकोस. जाऊ दे तिला त्या संगणकवाल्याकडे. तो त्या काठाचा पार चिवडा करेल."

"हो, करेल खरा," ट्वायला म्हणाली. मग उठून तिने स्वतःची गोधडी मशीनवरून उतरवायला घेतली.

"अगं, वेड लागलं का तुला? दोन्ही नाही व्हायच्या तुझ्याच्यानं!"

"ठाऊक आहे. ते टोक धर आणि घडी घाल."

पुढचे तीन आठवडे ट्वायला त्या काठाशी झगडली. बोटाबोटावर टाचणी लावून तिने जास्तीचं कापड सारखं वाटलं, वाफेने बसवलं आणि त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी वर्तुळं शिवत गेली. हजारो वर्तुळं. नेवा रोज येऊन बघायची आणि रोज कपाळावर हात मारून परत जायची.

जत्रेत परीक्षण सगळ्यांसमोर होतं. गोधड्यांवरची नावं झाकलेली असतात, परीक्षक मोठ्याने बोलतात आणि कारकून लिहून घेतो. आर्डिथबाई पहिल्या रांगेत होत्या. नववी फीत खुलून दिसेल असा पांढरा ब्लाउज त्यांनी मुद्दाम घातला होता.

परीक्षकबाई बाहेरगावच्या. पांढरे हातमोजे घातलेल्या हाताने त्या आर्डिथबाईंच्या गोधडीचा काठ चाचपत गेल्या आणि मध्येच थांबल्या. वाकून त्यांनी काठ आडव्या नजरेने पाहिला.

"तारा सुरेख. काठ न मोजता लावलाय. एकेका बाजूला चार बोटं कापड जास्त आहे."

पांढऱ्या ब्लाउजची पाठ ताठ झाली.

"आणि तरी हा सपाट आहे," परीक्षकबाई म्हणाल्या. "लिहू नका, थांबा जरा. बायांनो, सगळ्याजणी पुढे या आणि बघा. हात लावायचा नाही. हे टाके ज्या कुणाचे आहेत, तिने फुकट गेलेली गोधडी परत आणली आहे."

बायका उठल्या. काठाभोवती गर्दी झाली आणि एकेक जण वाकून बघू लागली. त्या जिल्ह्यात सगळ्यांच्याच आया काठ असा लावत आल्या होत्या.

जांभळी फीत एका शाळामास्तरणीला गेली. आर्डिथबाईंना तिसऱ्या क्रमांकाची पांढरी मिळाली. टाक्यांच्या कामाला वेगळी हिरवी फीत असते. पदर कुणाचाही असो, ती टाके घालणारीला मिळते. कारकुनाने ट्वायलाचं नाव वाचलं, तशा बायका तिच्याभोवती जमल्या.

"ट्वायला, माझ्या कपाटात दोन पदर पडलेत. काठ असे नाचतात ना, की बाहेर काढायची लाज वाटते."

"माझी तर सासूबाईंच्या वेळची आहे. संगणकवाला म्हणाला, हिला हात लावणार नाही!"

दुपारपर्यंत ट्वायलाची कामांची वही मार्चपर्यंत भरली.

नेवाने तिला तंबूमागे गाठलं. "वहिनी, खरं सांग. तू हे आधीच धरून चालली होतीस?"

"माझी गोधडी मुळातच सपाट होती, नेवा. ती सपाट दिसली असती, तर त्यात माझं काय नाव झालं असतं?"

एवढ्यात आर्डिथबाई आल्या. डोळे ओले होते. "माझ्यासाठी स्वतःची गोधडी बाजूला ठेवलीस म्हणे. हे मी विसरणार नाही हो, पोरी." त्यांनी ट्वायलाला घट्ट मिठी मारली आणि पर्समधून चेकबुक काढलं.

ट्वायलाचं नाव झालं. खर्च सगळा आर्डिथबाईंनी केला: कापडाचा, प्रवेशाच्या तीन डॉलरचा, मजुरीचा आणि नवव्या जांभळ्या फितीचा.