कमी दिसणारा फोन

"याच्याहून कमी दिसन असा दाखव," प्रेमानंद म्हणाला.

सुमंतनं हातातला फोन काउंटरवर ठेवला. नागपूरच्या महाल भागात त्याचं जुन्या-नव्या फोनचं दुकान होतं. येणारं गिऱ्हाईक चांगला कॅमेरा मागतं, एवढंच त्याला ठाऊक.

"काका, सारं नागपूर फाइव्ह-जी, फाइव्ह-जी करून राहिलं. तुम्ही काहून उलटे चालले?"

"मले पाहायचं नाही. दाखवायचं आहे. तेही थोडंसंच."

"मंग कॅमेऱ्यावर बोट ठेवा," सुमंत हसला. प्रेमानंद हसला नाही, तेव्हा त्यानं खालच्या खणातून एक जुना फोन काढला. कॅमेऱ्याच्या काचेवर ओरखडेच ओरखडे होते. "हा घ्या. याच्यात माणूस आहे का म्हैस, तेही समजत नाही."

"हाच दे."

प्रेमानंदची बायको माया वारली होती, आणि मायाच्या आईला, कांताबाईला, हे कळू द्यायचं नव्हतं.

घशाच्या ऑपरेशननंतर मायाचा आवाज गेला. कांताबाई सावनेरजवळच्या गावात मुलाकडे, कवडूकडे राहायची. तिचा रोज फोन यायचा. माया हातानं खुणा करायची आणि प्रेमानंद फोनवर सांगायचा, "ती म्हणते, बरी आहे." माया गेली तेव्हा कांताबाई हृदयाच्या झटक्यानं दवाखान्यात होती. आता धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मायानंही जाण्याआधी हातानंच सांगितलं होतं, आईला कळू देऊ नका. प्रेमानंदनं कवडूला गप्प राहायला सांगितलं आणि स्वतः तेच म्हणत राहिला. "ती म्हणते, बरी आहे."

कांताबाईनं कधी शंका घेतली नाही. तिचे निरोप साधेच असायचे.

"तिले सांगा, वेळेवर जेवत जा."

"तिले सांगा, घरात कोंडून राहू नको. चार माणसांत बसत जा."

"तिले सांगा, रडू नको. जे होते ते कोणाच्या हाती नाही."

प्रेमानंद "सांगतो" म्हणायचा.

उन्हाळ्यात कवडूच्या हाती कैरीचं लोणचं आलं. मायाला माहेरचं लोणचं झणझणीतच हवं असायचं. प्रेमानंदला ते कधी सोसलं नाही. यंदा मात्र त्यानं दोन घास जास्त खाल्ले. म्हातारीचा हात आता तिखटाचा अंदाज विसरला, असं त्याला वाटलं. तो स्वतः तिकडे फिरकला नव्हता. मायाशिवाय दारात उभं राहून काय सांगणार?

आजवर त्या गावात नेटवर्कची बोंब होती. बोलणं कसंबसं व्हायचं, चित्र कधी यायचं नाही. मग गावाबाहेर नवा टॉवर उभा राहिला आणि कवडूचा फोन आला.

"भाऊजी, आई म्हणते, व्हिडिओ लाव. शेजारणीची पोरगी पुण्याहून दिसते, मंग आपले लोक नागपुरातून काहून नाही?"

"नाही म्हणून सांग ना गा."

"सांगितलं. भाऊजी, कुठवर करसान हे?"

"मामी आहेत तोवर."

सासूला प्रेमानंद मामी म्हणायचा. "रविवारी सकाळी लावतो मंग," कवडू एवढंच म्हणाला.

प्रेमानंदची मुलगी सरिता मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होती. शनिवारी ती घरी आली तेव्हा त्यानं कपाटातून मायाची हिरवी साडी काढून तिच्यापुढं ठेवली.

"उद्या ही नेसायची. भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडायचं, गोधडी डोक्यावरून. बाकी मी पाहतो."

"बाबा, आजी ओळखन."

"आजीले मोतीबिंदू आहे. अन् या फोनले तिच्याहून मोठा."

"तरी ओळखलं तर?"

"तुह्या आईनं जाताना एकच गोष्ट मागितली. तू फक्त हलू नको."

सरितानं साडी उचलली, नाकाशी धरली आणि घडी पुन्हा नीट केली.

रविवारी त्यानं पडदा ओढला. खाट कोपऱ्यात सरकवली, ट्यूबलाइट बंद केली, फोन पिठाच्या डब्याला टेकवला. खाटेवर सरिता निपचित पडली होती. पदराचा हिरवा काठ गोधडीबाहेर राहील, एवढं त्यानं पाहून घेतलं.

फोन वाजला. चित्र अडकलं नाही, थरथरलं नाही. एकदम कांताबाई समोर आली. कपाळावरचं गोंदणसुद्धा दिसत होतं.

"जय भीम, मामी."

"जय भीम. जेवले का जवाईबापू?"

"जेवलो."

"वाळून गेले तुम्ही."

"उन्हाळा आहे, मामी."

"अन् माया?"

"ती झोपली. गोळी घेतली ना." त्यानं फोन उचलून खाटेकडे वळवला.

कांताबाई बराच वेळ पाहत राहिली.

"सरिता कुठं गेली?"

"ड्युटीवर."

"रविवारी?"

"नवी कंपनी आहे. सुट्टी देत नाही."

"बरं." कांताबाईनं पदरानं डोळे पुसले. "कवडू, फोन जरा मागं घे. नाकालेच लावून राहिला."

कवडू मागं सरकला, तशी सगळी खोली दिसू लागली. आपल्या खोलीचा प्रेमानंदनं सगळा विचार केला होता. तिकडचीही दिसेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कांताबाईच्या मागं ओळखीची निळी भिंत होती. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या बाजूला माया. तिच्या फोटोला ताज्या झेंडूचा हार होता.

"सरिताले उठवा आता," कांताबाई म्हणाली. "एवढ्या गरमीत पोरीले गोधडीत झोपवलं."